वेइशानवर राहतं कोण

पश्चिमवाडी, वेइशान
१४ ऑक्टोबर

यु-छिंगला आत्याचा आशीर्वाद. आतोबांचाही. ते घोरताहेत म्हणून त्यांच्या वतीने मीच देऊन टाकते.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोन का करत नाही ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, म्हणजे चिडणार नाहीस. आमच्या बाजूला फोन चालू केला की तो समुद्रापलीकडचा टॉवर पकडतो. मी आपली स्वयंपाकघरात कोबी चिरतेय आणि फोन माझं परदेशात आल्याबद्दल स्वागत करतोय. मागे तुला दारूच्या लाल गाळातली मासळी कशी मुरवायची ते फोनवर सांगितलं, तर परदेशातून बोलल्याचं बिल आलं. तेवढ्यात टोपलीभर मासळी आली असती. तेव्हापासून आतोबांनी फोन बंद करून बिस्किटांच्या डब्यात घातलाय. सगळ्या पश्चिमवाडीची हीच तऱ्हा आहे. पोरंसोरं घरच्या वायफायवर काय ते बघतात, म्हातारे डबा वापरतात.

आता काम. धक्क्यावर जिल्हा कचेरीची सूचना लागली आहे. वेइशानहून शेजारच्या मोठ्या बेटावर, थौशानला, रोज सुटणारी बोट नव्या वर्षापासून हिवाळाभर आठवड्यातून दोनदाच सोडायचा विचार आहे म्हणे. इस्पितळ, बँक, मोठा बाजार सगळं थौशानला. इथे देऊळ, शाळेची रिकामी इमारत आणि वारा. तैपेईची कुठली तरी संस्था बेटांच्या अर्थव्यवस्थेचा अंदाज काढतेय आणि तिच्या मते इथे तेवढी माणसंच नाहीत. तूही असलंच काहीतरी करतेस ना? तुझ्या ओळखीत तो अंदाजवाला असेल तर त्याला विचार, बाबा रे, कधी इकडे पाय ठेवला होतास का.

बाकी बरं. तुझं नाव अजून आमच्याच घरात नोंदलेलं आहे, त्यामुळे सणाला कचेरीकडून तुझ्या नावाची दारूची बाटली येते आणि आतोबा तुझी आठवण काढत ती संपवतात. हल्ली ते आठवड्यातून तीनदा थौशानला जातात, बुद्धिबळ खेळायला. म्हातारपणी मित्र सुचलेत.

नवी दारू घातली आहे. फेब्रुवारीत देवळाच्या उत्सवाला, देवाच्या रात्रीला ये, अंडं घालून शेवया करीन.

तुझीच,
शुए-ओ आत्या

तैपेई
२३ ऑक्टोबर

आत्या, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तुला हवा तो अंदाजवाला मीच आहे. जिल्हा कचेरीने हे काम आमच्या संस्थेला दिलं आणि जिल्ह्याच्या चारही बेटांचं मॉडेल माझ्या टेबलावर आहे. लपवायचं नव्हतं, पण कसं सांगावं ते सुचत नव्हतं.

मॉडेल म्हणजे फार काही मोठं नाही. बेटावर माणसं किती, ती काय विकत घेतात, काय विकतात, कुठे जातात, त्यावरून दुकानं, गॅस, बोटी यांची गरज काढायची. पहिला आकडा माणसांचा. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं, मग गणित कितीही सुबक असो.

आजवर सगळे हा आकडा घरनोंदणीतून उचलत आले. नोंदणीप्रमाणे वेइशानवर सहाशेच्या वर लोक आहेत. तुझ्याच घरात चौदा. त्यातले बारा आम्ही, बेटावरच्या रहिवाशांना मिळणाऱ्या स्वस्त विमान तिकिटासाठी आणि सणाच्या बाटलीसाठी तुझ्या दोन खोल्यांत कागदावर राहणारे. मी स्वतः त्यातली असताना त्या आकड्यावर विश्वास कसा ठेवू? म्हणून मी नवा आधार शोधला. फोन कंपनीकडून मोजणी विकत घेतली: हिवाळ्यातल्या रात्री कुठल्या वाडीत किती फोन मुक्कामाला असतात. नाव नाही, गाव नाही, नुसती संख्या. फोनला बाटलीचा मोह नसतो. या कल्पनेबद्दल संस्थेने मला प्रशस्तिपत्रही दिलं.

वेइशानवर चाळीसच्या आसपास फोन झोपतात, आत्या. इतकं कमी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण चाळीस माणसांसाठी रोज बोट सोडणं कुठल्याही हिशोबात बसत नाही. दोन फेऱ्या हीसुद्धा कचेरीची उदारता आहे. आतोबांना म्हणावं, बुद्धिबळ दोनदा खेळा, जास्त विचार करून खेळाल.

राग मानू नकोस. तुझी भाची म्हणून आकडा वाढवला तर मी आणि ती नोंदणी सारखीच.

यु-छिंग

पश्चिमवाडी
६ नोव्हेंबर

यु-छिंग,

चाळीस. वाचून आधी हसले, मग मोठ्याने वाचून दाखवलं, मग आतोबा हसले नाहीत म्हणून मलाही राग आला.

परवा आ-क्वेइच्या नातवाचं बारसं झालं. जेवायला चार पंगती उठल्या. त्या काय तुझ्या फोन कंपनीच्या नजरेआड बसल्या होत्या? आ-क्वेइ देवळाचा प्रमुख आहे, त्याला तुझा आकडा सांगितला. म्हणाला, "चाळीस तर माझी देणेकरी माणसं आहेत, बाकीची कुठे गेली?"

तुला खरा आकडा हवा ना? देवळाचा घे. देवाच्या रात्रीसाठी दर डोई वर्गणी निघते आणि एकही डोकं सुटत नाही. सुटलं तर आ-क्वेइ दारात येऊन बसतो. देवासमोर खोटं सांगून स्वस्त तिकीट मिळत नाही. यंदाची डोकी पावणेतीनशे. जा, घाल ती तुझ्या मॉडेलात.

आणि एक. बुद्धिबळ मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं. ते दोन दिवसांत खेळून होत नाही. यावर मला जास्त काही लिहायचं नाही. तू लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा बोट लागेपर्यंत आतोबा धक्क्यावर उभे राहायचे, वारा असो नाहीतर धुकं. एवढं आठवलं म्हणून लिहिलं.

शुए-ओ

तैपेई
१९ नोव्हेंबर

आत्या,

तू रागावली आहेस हे कळलं, म्हणून फोन लावला. रोज लावतेय. दर वेळी तीच बाई सांगते की ही व्यक्ती सेवा क्षेत्राच्या बाहेर आहे. निदान माझ्यासाठी तरी तो डबा उघड.

देवळाच्या आकड्याचं सांगते. मी तो मागवला, आ-क्वेइकाकांनी आनंदाने पाठवला. त्यात बाबांचं नाव आहे. बाबा तीस वर्षं ताओयुआनला राहिले आणि त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांची वर्गणी तूच भरतेस हे मला माहीत नव्हतं. 

पण त्याच यादीत तू नाहीस. वाडीतली एकही बाई नाही. तिथे फक्त पुरुषांची डोकी मोजतात. म्हणजे जो माणूस या जगात नाही तो वेइशानवर आहे, आणि जी तिथे रोज चूल पेटवते ती नाही. असा आकडा मी मॉडेलात कसा घालू, तूच सांग.

मी देवळाला नावं ठेवत नाही. नोंदणीत स्वस्त तिकीट कुणाला हवं ते कळतं, देवळाच्या यादीत कुठल्या घराण्याचा कोण ते कळतं. मला विचारायचंय की जानेवारीतल्या सकाळी तिथे उठतं कोण, आणि त्याचं उत्तर त्या दोघांकडे नाही. फोनकडे आहे.

अहवाल दहा डिसेंबरला जातोय. आतोबांच्या बुद्धिबळाला वार का ठरलेले असतात हे मात्र मला समजलं नाही. काही असेल तर सांग.

यु-छिंग

पश्चिमवाडी
८ डिसेंबर

प्रिय यु-छिंग,

मी आतोबा. पत्र लिहायची मला सवय नाही, समजून घे. शुए-ओ देवळात गेली आहे तोवर लिहितो.

मी बुद्धिबळ खेळत नाही. मला घोडा कसा चालतो तेसुद्धा येत नाही. माझी मूत्रपिंडं काम करत नाहीत. थौशानच्या इस्पितळात यंत्रावर चार तास पडतो, रक्त धुऊन निघतं, संध्याकाळच्या बोटीने परत. आठवड्यातून तीनदा. हे मे महिन्यापासून चालू आहे. शुए-ओने कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं, कारण सांगितलं की तुम्ही सगळे आम्हाला तैवानच्या मुख्य बेटावर न्यायला याल. तिला घर सोडायचं नाही. मलाही नाही, पण माझं कोण ऐकतं.

बोट दोनदा झाली तर थौशानला खोली घेऊन राहावं लागेल. तिने काल भांडी बांधायला काढली होती आणि परत ठेवली.

हे आकडा बदलावा म्हणून लिहीत नाही. आकडा खरा असेल तर तो तसाच असू दे, तुझ्या बाबाचीही तीच रीत होती. फक्त यापुढे बुद्धिबळावरून थट्टा करू नकोस. मला चालते, पण तिला लागलं.

हे फोनवरच सांगणार होतो. डबा उघडला, फोन घेऊन देवळामागच्या टेकडीवर गेलो. वर आधीच तिघं हात उंच करून उभे होते. चौघांच्याही फोनने पलीकडच्या देशात स्वागत केलं. आम्ही एकमेकांना प्रवास सुखाचा झाला का विचारलं आणि खाली आलो.

डब्यात आता बिस्किटं ठेवावीत म्हणतो.

ल्यू हाय-शेंग

तैपेई
१५ डिसेंबर

आत्या आणि आतोबा,

हे पत्र दोघांना आहे. आत्या, त्यांनी मला लिहिलं म्हणून त्यांना बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल.

तुमचं पत्र अकराला आलं, आतोबा. अहवाल दहाला गेला होता. पहिली ओळ वाचून मी रडले. टेकडीच्या ओळीवर पोचले आणि रडणं थांबवून मोजणीचा तक्ता उघडला. तुम्ही चौघं देवळामागच्या टेकडीवर उभे होतात आणि आमच्या फोन कंपनीच्या लेखी चौघंही परदेशात होतात. पश्चिमवाडीचे फोन एक तर पलीकडचा टॉवर पकडतात, नाहीतर डब्यात असतात. कंपनीला त्यातला एकही दिसत नाही. तिला दिसलेले चाळीस फोन पूर्वेकडच्या धक्क्याजवळचे: पहारा चौकी, कचेरीची दोन घरं, एक खानावळ. मी अख्ख्या वाडीला मोजणीतून उचललं आणि त्याचं प्रशस्तिपत्र घेतलं.

आणि आत्या, तू हे सगळं पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी दोनदा वाचलं. वर तो फोन लागत नाही म्हणून तुझ्यावरच चिडले.

मी त्याच दिवशी आमच्या प्रमुख शिएबाईंकडे गेले. म्हटलं, "वेइशानचा आकडा चुकलाय. अहवाल परत मागवायला हवा."

"तुला कसं कळलं?"

"माझी आत्या तिथे राहते."

त्यांनी चष्मा काढला. "हे तू काम हातात घेताना सांगायला हवं होतंस."

"हो."

"आणि आता आकडा वाढव म्हणून सांगतेयस, तेही आत्याच्या पत्रावरून. हे तुझ्या जागी दुसरं कुणी म्हणालं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "त्याला या कामावरून काढलं असतं."

तर तसंच झालं. अहवाल परत मागवला आहे, पण वेइशान आता माझ्याकडे नाही, शेजारच्या टेबलावरच्या काओकडे आहे. त्याला मी एवढंच सांगू शकले की फोनवर विसंबू नकोस आणि का नको. तो म्हणाला विजेचे मीटर बघतो. मी म्हटलं, त्यातही एक मेख आहे. बेटावरच्या रिकाम्या घरांतही देवापुढचा लाल दिवा बारा महिने जळतो. बाबांच्या घरात कुणी राहत नाही, तरी मीटर फिरतो, कारण आत्या दिवा विझू देत नाही. नुसता दिवा जळतो ती घरं वगळ आणि भात शिजतो ती धर.

तो काय आकडा काढेल ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. दोन फेऱ्याच राहिल्या तर मी सुट्टी काढून थौशानला खोली बघायला येईन. मला हे आधी कळायला हवं होतं, आणि न कळण्यात तुझा वाटा आहे, आत्या. ‘कुणी आजारी नाही' असं तूच लिहिलं होतंस. मी फोनवर विश्वास ठेवला तसाच तुझ्यावर ठेवला.

यु-छिंग

पश्चिमवाडी
२ जानेवारी

यु-छिंग,

आतोबांना बोलले नाही. दोन दिवस त्यांच्याशी बोललेच नाही, त्यात सगळं आलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी खोटं लिहिलं. आजारपण कागदावर उतरलं की घरभर होतं, म्हणून नाही लिहिलं. आता लिहिते. त्यांचा उजवा हात सुजतो. यंत्रावरून आले की थंडी वाजते, मग मी दारूतल्या शेवया करते आणि डॉक्टरांनी दारू बंद केली आहे म्हणून नुसत्या पाण्यात करते, आणि ते म्हणतात की हे शेवयांचं भूत आहे. मला भीती वाटते. झालं, लिहिलं.

तुझा काओ येऊन गेला. तू सांगितलं नव्हतंस की तो येणार. बोटीत उलट्या करून हिरवागार होऊन उतरला. दोन दिवस दारोदार हिंडला. आमच्याकडे जेवला तेव्हा म्हणाला, "काकू, नोंदणीत या घरात चौदा माणसं दिसतात." मी म्हटलं, "आहेत ना. बारा जण लाजाळू आहेत." तो हसला, पण वहीत दोनच लिहिलं. मी बघितलं. चांगलं पोरगं आहे, लग्न झालंय का?

तो गेल्यावर मात्र बरं वाटेना. आपली माणसं खरी मोजत नाहीत म्हणून मी तुझ्यावर तोंड टाकलं, आणि बारा खोटी माझ्याच घरात बसलेली. तू नोंदणीवर विश्वास ठेवला नाहीस यात माझाही हात आहेच. सगळ्यांना पत्रं लिहिली की जिथे राहता तिथे नाव हलवा. तुझ्या थोरल्या चुलतभावाचं उत्तर आलं. लिहितो, विमानाचं तिकीट महागात पडेल. मी लिहिलं, मग बोटीने ये, काओ आला तसा.

शुए-ओ

तैपेई
२७ जानेवारी

आत्या, आतोबा,

निकाल तुम्हाला धक्क्यावर कळलाच असेल, तरी माझ्याकडून लिहिते. काओच्या मते हिवाळ्यात वेइशानवर दोनशेच्या जरा खाली माणसं राहतात. त्यावरून मॉडेलने चार फेऱ्या दिल्या: सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. रोजची बोट नाही मिळाली. खरा आकडाही तेवढा मोठा नव्हता, हे मान्य करायला हवं.

थौशानच्या इस्पितळात फोन केला. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या यंत्रावर एक जागा आहे, ती आतोबांच्या नावाने धरायला सांगितली आहे. मार्चमध्ये मी आठवडाभर येते. घेऊन जायला नाही, नुसती राहायला.

आणि काल मी माझं नाव तुझ्या घरातून काढून तैपेईत नोंदवलं. खिडकीवरच्या माणसाने पाच मिनिटांत शिक्का मारला. "झालं, आता तुमचा वेइशानशी संबंध नाही," तो म्हणाला, सहजच. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. इतकी वर्षं ते खोटं होतं हे मलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं, तरी वाईट वाटलं. बाबा गेले, घराला कुलूप आहे, आणि आता कुठल्याच कागदावर मी तिथली नाही.

असो. आकडा एकाने बरोबर झाला.

यु-छिंग

पश्चिमवाडी
१६ फेब्रुवारी

यु-छिंग,

आतोबा सोमवारच्या यंत्राला लागले. तिथला शेजारी खरंच बुद्धिबळ खेळतो, तो यांना शिकवतोय. घोडा अडीच घरं चालतो म्हणतात. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा बराच चालतो.

सणाच्या बाटल्या यंदा दोनच आल्या, आणि त्यांच्या नावाची त्यांना चालत नाही. ती तू आल्यावर उघडू.

आता देवळाचं. वर्गणीची बैठक होती. नेहमी मी मागे बसून शेंगा सोलते. यंदा उठले. आ-क्वेइला विचारलं, "या यादीत मी आहे का?"

तो म्हणाला, "वहिनी, तुमचे हाय-शेंग आहेत की."

"ते आठवड्यातले तीन दिवस थौशानला पडलेले असतात. माझा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला, त्याचं डोकं तुम्ही मोजता. मी इथे साठ वर्षं देवाचा नैवेद्य रांधतेय, माझ्या मानेवर काय कोबी आहे?"

बायका हसल्या. आधी आमची बाजू, मग सगळ्या. कुणीतरी म्हणालं, रीत आहे. आ-क्वेइची बायको मागून म्हणाली, "रीत असेल तर उद्यापासून नैवेद्य मोजलेल्या डोक्यांनीच रांधा." त्यावर फार चर्चा झाली नाही. आ-क्वेइने हिशोब केला की डोकी वाढली तर वर्गणीही वाढते, आणि त्याला ते एकदम धर्माचं वाटू लागलं.

तर यंदापासून देऊळ बायकांनाही मोजतं. माझं नाव लिहिलं. मग आ-क्वेइने विचारलं, "तुमच्या भावाचं आता काय करायचं? काढायचं?" मी म्हटलं, राहू दे, आणि त्याच्याखाली मुलीचं लिही. तो म्हणाला, "पण यु-छिंग तर इथे राहत नाही, तिने सरकारी नोंदसुद्धा काढली म्हणता." मी म्हटलं, "राहतं कोण ते तिने काओला विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. तू तुझं विचार. आमची कोण?"

त्याने लिहिलं. मी वर्गणी भरली. तुझ्या मॉडेलात हा आकडा घालू नकोस.

देवाच्या रात्रीला जमलं नाही तरी मार्चमध्ये ये. सोमवारच्या बोटीला आतोबा जाताना तू असशील तर धक्क्यावर आपण दोघी उभ्या राहू.

आत्या